माथ्यावरचा खळगा

सात सेकंद लटकायचे, तीन सेकंद उतरायचे, असे सहा वेळा. आणि तेवढ्या वेळात स्वयंपाकघराच्या दारातून कोणी ये-जा करायची नाही. कारण त्याच दाराच्या चौकटीवर ठोकलेल्या लाकडी पट्टीला ऋजुता बोटांच्या पहिल्या पेरांनी लोंबकळत असे. सुप्रभाबाई नाचणीच्या सत्त्वाची वाटी घेऊन दाराच्या आत उभ्या होत्या. दाराबाहेर, बैठकीच्या खोलीत, सहा महिन्यांची आर्या रडत होती. मधोमध सुप्रभाबाईंच्या मुलीचे पाय होते.

"अगं, तू लटकून राहिली, तिकडे ते रडून राहिलं. मी वाकून खालून जाते ना."

"नो, आई. धक्का लागेल. वेट," ऋजुता दातांतून म्हणाली.

"गंधार, तुम्ही तरी घ्या तिला."

"मी टायमर बघतोय, आई," जावई म्हणाला, आणि तो खरोखरच टायमर बघत होता. "चार झाले, दोनच राहिले. आणि तिला जरा सेल्फ-सूद करू द्या, आपलं आपण शांत होऊ द्या. इट्स गुड फॉर हर."

सुप्रभाबाई थांबल्या. थांबण्याचा त्यांना सराव होता. नागपूरच्या एका सरकारी प्रसूतिगृहात त्या एकतीस वर्षे नर्स होत्या. दोन कळांमधले अंतर मनगटावरच्या घड्याळात बघत उभे राहण्यात त्यांचे उमेदीचे आयुष्य गेले होते. किती बाळे त्यांच्या हातांवर जगात आली याचा हिशेब त्यांनी ठेवला नव्हता. निवृत्तीच्या दिवशी एका डॉक्टरांनी भाषणात काही हजारांचा आकडा सांगितला, शाल दिली, आणि आडनाव चुकवले.

नॉटिंगहॅमच्या या घरात मात्र आर्याला उचलण्याआधी त्यांना हात धुऊन दोन्ही तळवे मुलीला दाखवावे लागत. जंतूंसाठी नव्हे, तेलासाठी. आजीच्या हाताचे तेल बाळाच्या अंगाला, बाळाच्या अंगाचे आईच्या बोटांना, आणि तेलकट बोटे दगडावर टिकत नाहीत. त्यामुळे तिळाच्या तेलाची मालिश आठवड्यातून दोनदाच होई, ज्या दिवशी चढाईचा सराव नसे त्या दिवशी. हे सगळे फ्रिजवरच्या छापील तक्त्यात होते. आर्याचे वजन, सात किलो शंभर ग्रॅम, या घरात दोन ठिकाणी लिहिले जाई: बाळ तपासायला घरी येणाऱ्या हेल्थ व्हिजिटरच्या लाल वहीत वाढ म्हणून, आणि त्या तक्त्यात गंधारच्या बैठकांचे वजन म्हणून. तो तिला छातीशी बांधून वीस बैठका मारी. मूल त्याला आनंदाने बिलगे. वजनाला आपण वजन असल्याचे कळत नाही, ही निसर्गाची एक दयाळू सोय आहे.

दोघेही शिकलेली, सौम्य बोलणारी माणसे होती. ऋजुता विद्यापीठात संशोधन करी, गंधार सॉफ्टवेअरमध्ये होता. बाळामुळे आपले आयुष्य बदलू द्यायचे नाही, बाळाने आपल्या आयुष्यात बसायचे, असा त्यांचा सिद्धान्त होता, आणि तो सिद्धान्त सिद्ध होत होता, कारण सिद्धतेची कामे सुप्रभाबाई करत होत्या. बाटल्या उकळणे, दुपट्यांच्या घड्या, आणि दर शनिवारी पीक डिस्ट्रिक्टच्या माळावर, बोचऱ्या वाऱ्यात, एका घडीच्या खुर्चीवर बाळाला घेऊन बसणे. या शेवटच्या कामाला "आईला नेचर दाखवणं" असे म्हणत.

*

त्यांचा व्हिसा उशिरा झाला. त्या पोचल्या तेव्हा आर्या पाच आठवड्यांची होती. बॅगेत डिंकाचे लाडू होते, ओवा होता, आणि एका जुन्या औषधाच्या डबीत हळद, कुंकू व तेलाची बोटभर बाटली होती. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी विचारले:

"पाचवी केली होती का गं?"

"आई, पाचव्या दिवशी मी कॅथेटरवर होते."

"नाही, तसं नाही. आत्ताही करता येते. एक दगड मांडायचा, बस."

"सटवाई येऊन नशीब लिहिणार ना? तिला म्हणावं, रेड बुकमध्ये लिही. तिथे जागा आहे." ऋजुता हसली. मग न हसता म्हणाली, "माझ्या घरात हे नको, आई. प्लीज. तू नर्स आहेस."

सुप्रभाबाईंनी डबी बॅगेत ठेवली. त्या नर्स होत्या हे खरेच होते. ऋजुताच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता, आणि तो अकराव्या दिवशी गेला. नाळेतून शिरलेला जंतुसंसर्ग. कारण त्यांना केसपेपरावरच्या इंग्रजीत पाठ होते. त्याची पाचवी त्यांनी केली नव्हती. सासूने पाटा मांडायला घेतला तेव्हा "मी शिकलेली आहे" असे म्हणून त्यांनी तो उचलायला लावला होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता, हे त्या शपथेवर सांगू शकल्या असत्या. ऋजुताच्या वेळी त्यांनी मुकाट्याने पाटा मांडला, त्याला तेल लावले, हळदकुंकू वाहिले, शेजारी कोरा कागद आणि बोरूऐवजी हॉस्पिटलचे बॉलपेन ठेवले, आणि ऋजुता जगली. त्याही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

संबंध नसलेल्या या दोन गोष्टींनी त्यांना साडेपाच महिने झोपू दिले नाही. परतीचे विमान ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी होते. त्याआधी एकदा, कुठेही, कोणाच्याही नकळत, एक दगड हवा होता. या घरात पाटा नव्हता. मिक्सर होता.

*

आणि दर शनिवारी त्यांना दगडांमध्ये नेऊन बसवत होते.

ऋजुताचा दगड माळाच्या कडेला होता. दोन पुरुष उंच, समोरून सरळ तुटलेला, पाठीमागून उतरणीला टेकलेला. गरोदर राहण्याआधी एक वर्ष ती त्याच्यापुढे हरत होती. आता सहा महिन्यांचे मूल घेऊन पुन्हा हरायला येत होती. ना दोर, ना खिळे. खाली जाड गाद्या पसरायच्या, हातांना पांढरी चॉकची पूड लावायची, आणि बोटभर खाचांना धरून वर जायचे. ऋजुता दर वेळी माथ्याच्या हातभर खालून गादीवर पडे. पाठीमागून मात्र पायवाट थेट माथ्यावर जाई, चालायला लागलेले पोर चढेल इतकी सोपी. पहिल्याच शनिवारी सुप्रभाबाईंनी विचारले होते, "मागून रस्ता आहे, तर समोरून कशाला?" गंधारला हा प्रश्न इतका आवडला की त्याने तो चढणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. सेहेचाळीस जण हसले.

त्यांच्याबरोबर जय नावाचा तरुण येई. नॉटिंगहॅममध्येच जन्मलेला, मराठी डॉक्टर जोडप्याचा मुलगा. सुप्रभाबाईंच्या थर्मासमधला चहा पिताना तो प्रामाणिकपणे मराठी बोले. "आजी, तुमचा चहा खूप चांगली आहे."

"चांगली आहे ना? घे अजून."

त्यांना तो आवडे. त्या माळावर त्यांच्याकडे बघून, बाळाकडे न बघता, बोलणारा तो एकटाच होता.

सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी आर्याला झोपवायला म्हणून त्या पायवाटेने माथ्यावर गेल्या, आणि तिथे त्यांना तो दिसला: कडेला ओंजळीएवढा खळगा. सगळा दगड खरबरीत, वाळूच्या कणांचा; खळगा तेवढा गुळगुळीत, चकाकणारा, काठाला पांढरी पूड साचलेला. किती वर्षे, किती हात त्यावरून फिरले असतील. पूड चढणाऱ्यांची, हे त्यांना कळले. वर आल्यावर हात लावत असावेत, त्यांनी मनाशी म्हटले, देवळातून निघताना पायरीला लावतात तसा. ऋजुता माथ्यापर्यंत कधी पोचलीच नव्हती. त्यामुळे माथ्यावर हाताचे काय काम असते, हे तिच्या आईने कधी पाहिलेच नव्हते. इतक्या माणसांच्या स्पर्शाने मऊ झालेला दगड सुप्रभाबाईंच्या सबंध आयुष्यात एकाच प्रकारचा असे.

*

पुढचा शनिवार शेवटचा होता. ऋजुता आणि गंधार जयबरोबर लांबच्या लहान दगडांवर हातपाय मोकळे करत होते. हवा थंड आणि कोरडी होती. अशा हवेत पकड उत्तम मिळते म्हणून तिघेही आनंदात होते. त्यांचे हसणे वाऱ्यावर तुटक तुटक येत होते.

सुप्रभाबाई आर्याला घेऊन माथ्यावर चढल्या. खळग्याशी बसल्या. डबी उघडली. तेलाचे बोट खळग्यातून गोल फिरवले, हळद लावली, कुंकू लावले. घरून आणलेला कोरा कागद एका खड्याखाली ठेवला आणि त्यावर पेन. आर्याचे कपाळ खळग्याला टेकवायचे का, यावर त्यांनी क्षणभर विचार केला, आणि नर्स असल्यामुळे टेकवले नाही. हाताने नमस्कार करून तो हात तिच्या डोक्यावरून फिरवला. काय मागायचे ते त्यांनी ठरवले नव्हते. "असू दे हिला," एवढेच म्हणाल्या. पेन मग पुन्हा पर्समध्ये टाकले. ते गंधारचे होते. मग रुमालाने हात पुसले, जेलने धुतले, तळवे उन्हात धरून स्वतःच तपासले. हाताला तेल नको, हे त्यांना पुष्कळदा सांगितले होते. दगडाला नको, हे कोणी सांगितले नव्हते.

खाली येऊन त्या खुर्चीवर बसल्या. साडेपाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी थर्मासमधला चहा आधी स्वतःला ओतला.

अकराच्या सुमारास ऋजुता दगडापुढे उभी राहिली. गंधार तिला सावरायला हात वर करून मागे. चौथ्या प्रयत्नात तिचा पाय, जो नेहमी सुटे, सुटला नाही. ती आणखी एक पकड वर गेली. मग आणखी एक.

"कम ऑन, ऋजू! यू हॅव इट!" जय ओरडला.

ऋजुता हसली. दगडाला गाल टेकवून, श्वास पुरत नसताना, मोठ्याने हसली. हे हसणे सुप्रभाबाईंनी ती नऊ वर्षांची असताना शेवटचे ऐकले होते, आणि ते आपल्याकडून कुठे, कधी हरवले हे त्यांना कधी समजले नव्हते. त्या खुर्चीवरून उठल्या. डोळ्यांत पाणी आले.

तेवढ्यात ऋजुताचा उजवा हात माथ्याच्या काठावरून आत गेला आणि खळगा चाचपू लागला.

माथा हा प्रवासाचा शेवट नसून शेवटची पकड आहे, हे सुप्रभाबाईंना त्या क्षणी कळले. ओरडायला वेळ होता. पण माणूस दगडावर असताना बाजूच्यांनी घाबरून ओरडायचे नाही, हाही नियम त्यांना शिकवलेला होता, आणि नियम पाळण्यात त्यांची कधी हयगय नव्हती. ऋजुताने डावा हातही आत टाकला, सगळा भार त्यावर दिला, आणि दोन्ही हात लोण्यातून निघावेत तसे निघाले.

ती दोन गाद्यांच्या मधल्या फटीत पडली. घोट्याचा आवाज वाऱ्यातही ऐकू आला.

बाळ जयकडे देऊन सुप्रभाबाई तिच्यापाशी पोचल्या तेव्हा गंधार नुसताच "ओके, ओके, ओके" म्हणत होता. त्यांनी बूट कापून काढला. बोटांचा रंग बघितला, पावलाची नाडी बघितली, गंधारचे जाकीट गुंडाळून पाय त्यावर घेतला, रुमालाने बांधला. त्यांचा आवाज बदलला होता. "हलवू नका. फोन करा. पाणी नका देऊ तिला." दोन मिनिटे त्या माळावर त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नव्हते.

दोन मिनिटांनंतर ऋजुताने आपली बोटे पाहिली.

"ब्लड आहे का?"

"नाही गं, कुठे लागलं नाही हाताला."

ऋजुताने बोटे नाकाशी नेली. तो वास तिच्या मुलीच्या अंगाला मंगळवारी आणि गुरुवारी येत असे. तिने ती बोटे जयला दाखवली. जय बाळाला घेऊन पाठीमागून माथ्यावर गेला आणि उतरला तेव्हा त्याच्या हातात घडीचा कागद होता.

"आजी," तो अगदी हळू म्हणाला, "हा ऑइल कोण लावला?"

त्याने कागद उलटून पाहिला. "इट्स ब्लँक," तो म्हणाला, जणू हीच त्यातली भयंकर गोष्ट होती, आणि तो कागद त्याने गंधारला दिला.

*

हॉस्पिटलमधून परतताना आर्या मागच्या सीटवर भुकेने रडत होती. ऋजुता पुढे, पाय प्लास्टरच्या पट्ट्यांत.

"का केलंस?"

"राहून गेलं होतं, ऋजू. जायच्या आधी एकदा..."

"दादासाठी ना?"

सुप्रभाबाईंनी आर्याच्या पायांवरचे दुपटे सारखे केले.

"तो सेप्सिसने गेला. तुला माहीत होतं ना? तू नर्स होतीस."

"माहीत होतं."

"मग?" ऋजुताने आरशातून आईकडे बघितले. तिचा आवाज चढला नाही. या घरात आवाज चढवत नसत. "एक पोर तुझ्या हातून गेलंच आहे, आई. दुसरीच्या वेळी मला चान्स घ्यायचा नाहीये."

"ऋजू," गंधार म्हणाला. मग सिग्नल हिरवा झाला आणि त्याने गाडी चालवली.

रविवारी सकाळी ऋजुता सोफ्यावर पाय वर घेऊन बसली आणि कागद मागितला. गंधारने जाकिटाच्या खिशात हात घातला आणि निघाला तो कागद दिला, घडी केलेला, कोपऱ्याला कुंकवाचा डाग असलेला. तिने पाहिले की नाही, सांगता येत नाही. पेन सुप्रभाबाईंनीच आणून दिले. ऋजुताने सुवाच्य अक्षरात लिहिले: आर्या आजीकडे असताना आमच्यापैकी एक जण खोलीत हवा. मालिश बंद. बाहेर नेणे बंद. मॅग्नेट लावून कागद फ्रिजवर गेला, तक्त्याच्या वर.

सुप्रभाबाईंनी तो वाचला. साडेपाच महिने ज्या कागदाची त्यांना काळजी होती, तो अखेर लिहून झाला होता.

चढणाऱ्यांच्या ग्रुपवर तोपर्यंत खळग्याचा फोटो पोचला होता. कोणीतरी अघोरी पंथाचे लोक येऊन गेले असावेत, असे एकाने लिहिले. दगड शेकडो वर्षांचा वारसा आहे, असे दुसऱ्याने. तिसऱ्याने काही देशांची नावे लिहिली, आणि त्यावर गंधारने अंगठा दाखवला, कारण त्या वेळी दुसरे काही दाखवणे अवघड होते. मंगळवारी त्याने अर्धा दिवस रजा घेतली आणि सासूबाईंना पुन्हा माळावर नेले. बाटल्यांत पाणी, भांड्यांचा साबण, राठ केसांचा एक ब्रश.

"मी करतो, आई," तो म्हणाला.

"नको. तुम्ही राहू द्या."

त्याने पुन्हा आग्रह केला नाही. सुप्रभाबाई गुडघ्यांवर बसल्या. आधी साबण, मग पाणी, मग ब्रश. ब्रशाचे केस गळाले तेव्हा तळहाताने. असे त्यांनी नागपुरात लेबर टेबल घासले होते, आणि असे लहानपणी आईला देव घासताना पाहिले होते. पाणी खळग्यातून काठावरून खाली, ऋजुता जिथे हसली होती तिथून, ओघळत राहिले. तेल गेले. कुंकू काठावरच्या खरबरीत कणांमध्ये शिरले होते. फिकट गुलाबी रंग काही केल्या निघेना. गंधारने वरून चॉकची मूठ चोळली आणि फोटो काढला. ऑल सॉर्टेड, असे लिहून ग्रुपवर टाकला.

"थँक यू, आई," तो म्हणाला. तो सुसंस्कृत मुलगा होता.

*

बुधवारी संध्याकाळी बॅगा भरून झाल्या होत्या. डिंकाच्या लाडवांचा डबा अर्धा उरला होता. ऋजुता म्हणाली, परत घेऊन जा, वाया जातील. सुप्रभाबाई स्वयंपाकघरात बाटल्या उकळत असताना बाहेरच्या खोलीत आर्या रडायला लागली. त्यांनी गॅस बंद केला, हात धुतले, पुसले, आणि वळल्या.

दारात ऋजुता लटकत होती. खुर्चीवर चढून तिने पट्टी धरली होती. प्लास्टरमधला पाय हवेत, चांगला पाय हवेत. पाय मोडला तरी बोटे मोडलेली नाहीत, असे तिच्या प्रशिक्षकाचे म्हणणे होते. पलीकडे गंधार फोन धरून उभा होता.

"पाच... सहा... सात. रेस्ट."

ऋजुताने चांगला पाय खुर्चीवर टेकला आणि अंग बाजूला घेतले. तीन सेकंद होते. खुर्चीच्या कडेने एक सडसडीत म्हातारी बाई सहज निघाली असती. ऋजुताने आईकडे पाहिले. आईने दोन्ही तळवे तिच्यापुढे धरले, वर्गात मुले धरतात तसे, आणि काही विचारले नाही.

"गो," गंधार म्हणाला. ऋजुता पुन्हा लटकली.

रडणे चढले, तुटले, हुंदक्यांवर आले. चौथ्या खेपेला थांबले. बाळ आपले आपण गप्प झाले होते.

"सी?" गंधार म्हणाला. "शी कॅन डू इट."

सुप्रभाबाईंचे हात तसेच वर होते. दिव्याच्या उजेडात तळवे स्वच्छ, कोरडे दिसत होते, आणि बोटांच्या पेरांवरची, तळव्याच्या उंचवट्यांवरची कातडी खरबरीत दगडाने सोलली होती, वर्षानुवर्षे चढणाऱ्यांची असते तशी.